तुम्ही सेटलमेंटचे का? विमुक्त जाती आणि संविधान: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी सोलापूरची, कैकाडी समाजातली. आमची आजी सेटलमेंटमधे जन्मली, म्हणजे तारेच्या कुंपणाच्या आत. सुट्टीच्या दिवशी मी जातीच्या दाखल्यांच्या शिबिरात बसून फॉर्म भरून देते, आणि तिथं काय, ऑफिसात डबा खाताना काय, मैत्रिणीच्या लग्नात काय, तेच तेच प्रश्न येतात. काही जण खरंच माहीत नाही म्हणून विचारतात, काही टोमणा मारायला विचारतात, आणि खरं सांगायचं तर प्रश्न दोघांचे सेमच असतात. म्हणून एकदाच बसून लिहून काढलंय.

विमुक्त म्हणजे नक्की कशापासून मुक्त?

एका कायद्यापासून. १८७१ साली इंग्रजांनी 'क्रिमिनल ट्राइब्ज अॅक्ट' आणला, मराठीत गुन्हेगार जमाती कायदा. आधी उत्तर हिंदुस्थानात लावला, १९११ ला सगळ्या ब्रिटिश हिंदुस्थानासाठी केला, १९२४ ला परत एकत्र करून आणखी कडक केला. कल्पना साधी होती, सरकारने गॅझेटमधे एखाद्या जमातीचं नाव छापलं की ती जमात गुन्हेगार. तुम्ही काही केलंय का, हा प्रश्नच नाही. बोटांचे ठसे घ्यायचे, नाव रजिस्टरला चढवायचं, मग हजेरी. पोलीस पाटलाकडे नाहीतर चौकीत जाऊन सांगायचं की मी इथंच आहे, पळालो नाही. दुसऱ्या गावाला जायचं तर पास काढायचा. आणि सरकारला वाटलं तर अख्खी जमात उचलून सेटलमेंटमधे टाकायची.

३१ ऑगस्ट १९५२ ला हा कायदा देशभरातून गेला. यादीतून नावं काढली म्हणून सरकारी इंग्रजीत 'डी-नोटिफाइड' आणि मराठीत विमुक्त. आमच्याकडे ३१ ऑगस्टला विमुक्त दिन करतात. महाराष्ट्राच्या यादीत १४ विमुक्त जाती आहेत: बेरड, रामोशी, भामटा, राजपूत भामटा, कैकाडी, कंजारभाट, वडार, बंजारा, राजपारधी, पालपारधी, छप्परबंद वगैरे.

'भामटा' हे जातीचं नाव आहे हे बऱ्याच जणांना पहिल्यांदाच कळतं. आपण शिवी म्हणून वापरतो ना, तेच. आता वर्गातल्या हजेरीला उभ्या राहिलेल्या पोराचा विचार करा.

पण काहीतरी केलंच असेल ना? उगाच कोण कुणाला गुन्हेगार म्हणेल?

हा सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न. बरेचदा 'राग मानू नका हं, पण' असं म्हणून.

होय, काही जण चोऱ्या करायचे. दरोडेही घालायचे. पण चोरीसाठी १८६० पासून पीनल कोड होताच की, कोणत्याही जातीच्या चोराला तो लागायचा. मग वेगळा कायदा कशाला? कारण हा कायदा चोरासाठी नव्हताच, चोराच्या पाळण्यातल्या पोरासाठी होता. १८७१ ला बिल मांडणाऱ्या इंग्रज साहेबांचं म्हणणं असं की या देशात सुताराचं पोर सुतार होतं, विणकराचं पोर विणकर होतं, तसं काही जमातींचा पिढीजात धंदाच गुन्हा आहे. म्हणजे बघा, आपलीच जातीची थिअरी त्यांनी उचलली आणि आपल्यालाच कायदा करून विकली. आणि गावातल्या मोठ्या लोकांना त्यात काही खटकलं नाही, कारण ते आधीपासून तसंच मानत होते.

दुसरं म्हणजे ही माणसं आधी काय करत होती ते बघा. बंजारे बैलांचे तांडे घेऊन मीठ आणि धान्य वाहायचे, सैन्याला रसद पुरवायचे. मिठावर सरकारी कर आणि कंट्रोल आला, मागोमाग रेल्वे आली, बैल बसले. पारध्यांचं जंगल फॉरेस्ट खात्यानं घेतलं. रामोशी आणि बेरड गावाची, किल्ल्याची राखण करायचे, मराठेशाही गेली तशी ती नेमणूकही गेली, उमाजी नाईक उठला आणि त्याला पुण्यात फाशी दिलं. १८७९ ला वासुदेव बळवंत फडक्यांबरोबर जे लढले त्यात रामोशी मोठ्या संख्येनं होते. आता सरकारी ऑफिसात ७ सप्टेंबरला राजे उमाजी नाईकांच्या फोटोला हार घालतात, चांगलंच आहे, पण त्याच ऑफिसात रामोशी आडनाव ऐकून भुवया वर जाताना मी स्वतः बघितल्यात.

आणि सगळेच तसे वागत नव्हते हेही सांगते. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१८ लाच हजेरीची पद्धत बंद केली. पारध्यांना काम दिलं, घरं दिली. म्हणजे तेव्हाही दुसरा रस्ता दिसत होता, बघायचं असेल त्याला.

सेटलमेंट म्हणजे जेल का?

आजीला हे विचारलं की ती म्हणायची, 'जेलात कसं, सुटायची तारीख असती.'

सोलापूरची सेटलमेंट मुंबई इलाख्यातल्या मोठ्यांपैकी. सुरुवातीला अमेरिकन मिशनच्या लोकांनी चालवली, नंतर सरकारनं. सोलापुरात कापडाच्या गिरण्या होत्या आणि गिरण्यांना माणसं पाहिजे होती, तर ही कुंपणातली माणसं हक्काची मिळाली. भोंगा झाला की गिरणीत, सुटलं की परत आत, आत आल्यावर हजेरी. आजीचे वडील टोपल्या विणणारे, तुरीच्या काठ्या आणि निरगुडीचे फोक आणून कणग्या करायचे, त्यांना स्पिनिंग खात्यात उभं केलं. कापूस छातीत बसला आणि खोकतच गेले.

१९११ च्या कायद्यात तर सहा ते अठरा वर्षांची पोरं आईबापापासून काढून वेगळी ठेवायची सोय होती. सुधारणा म्हणून. आईबापाचा संसर्ग होऊ नये म्हणून.

पण प्रामाणिकपणे लिहायचं ठरवलंय तर हेही लिहिते की आजीला सेटलमेंटची शाळा आवडायची. दवाखाना होता, नळ होता. बाहेरच्या गावात कैकाड्याच्या पोरीला शाळेच्या पायरीवर कोण बसू देणार होतं? ती आमच्या घरातली पहिली सही करणारी बाई. हे मला लहानपणी कळायचं नाही, की कुंपणाच्या आत अक्षर मिळालं आणि कुंपणाच्या बाहेर ते मिळालं नसतं, तर आपण चिडायचं नक्की कुणावर? दोघांवर, असं आता वाटतं.

ती वस्ती अजून आहे. नाव काय, तर 'सेटलमेंट फ्री कॉलनी'. आतल्यांना सोडलं तेव्हा बाहेर वसाहती केल्या, त्या फ्री. सत्तर वर्षं झाली तरी पत्ता सांगताना आधी सेटलमेंट म्हणायचं, मग फ्री. रिक्षावाला फक्त पहिला शब्द ऐकतो.

स्वातंत्र्य तर १९४७ ला मिळालं, मग १९५२ कसं काय?

१५ ऑगस्ट १९४७ ते ३१ ऑगस्ट १९५२, पाच वर्षं आणि सोळा दिवस. मद्रास प्रांताने १९४७ लाच कायदा काढून टाकला, मुंबईनं १९४९ ला, पण देशाच्या पातळीवर तो १९५२ पर्यंत होता. आजी सांगायची की १५ ऑगस्टला शाळेत पेढे वाटले, झेंडा झाला, गाणी झाली, आणि संध्याकाळी हजेरीही झाली.

नेत्यांना माहीत नव्हतं अशातला भाग नाही. नेहरूंनी १९३६ लाच जाहीरपणे म्हटलं होतं की हा कायदा भयंकर आहे, कुठल्याही जमातीला जमात म्हणून गुन्हेगार ठरवता येत नाही. संविधान सभेत नागपूरचे एच. जे. खांडेकर उठून बोलले होते की प्रत्येकाला देशभर फिरायचं स्वातंत्र्य देताय, मग या गुन्हेगार म्हटलेल्या जमातींचं काय? आणि मग २६ जानेवारी १९५० ला संविधान लागू झालं. आर्टिकल १४, कायद्यापुढे सगळे समान. आर्टिकल १९, देशात कुठंही फिरायचा, राहायचा हक्क. आर्टिकल २१, जीवित आणि व्यक्तिस्वातंत्र्य. त्या दिवशी सकाळी देशात असे लाखो लोक होते की ज्यांना शेजारच्या गावच्या बाजाराला जायला पास लागत होता. दोन्ही कायदे एकाच वेळी चालू, अडीच वर्षं.

बाबासाहेबांचं २५ नोव्हेंबर १९४९ चं भाषण सगळे शेअर करतात, की २६ जानेवारीला आपण विसंगतीच्या जीवनात प्रवेश करतोय, राजकारणात समता असेल आणि सामाजिक, आर्थिक जीवनात विषमता. ते समाजाबद्दल बोलत होते. आमच्या बाबतीत विसंगती समाजात तर होतीच, शिवाय गॅझेटमधे पण होती, छापील.

शेवटी या कायद्याची चौकशी करायला अय्यंगार कमिटी बसली, १९५० ला तिचा रिपोर्ट आला, मग १९५२ ला रद्द. सोलापुरात जुनी माणसं सांगतात की १९६० साली पंडितजी आले आणि त्यांनी सेटलमेंटची तार कापली. म्हणजे कायदा गेल्यावर आठ वर्षांनी तार कापायचा कार्यक्रम झाला. तोपर्यंत तार तिथंच होती का, हे मी आजीला विचारलं होतं. ती म्हणाली, 'आगं, कपडे वाळत घालायचो की तिच्यावर.'

कायदा गेला ना पण? आता कशाला उगाळायचं?

गेला तो एका दारानं. दुसऱ्या दारानं 'सराईत गुन्हेगार' कायदे आले, इंग्रजीत हॅबिच्युअल ऑफेंडर. मुंबई राज्याचा असा कायदा १९५९ चा. वाचायला तो बरोबर वाटतो, जातीचं नाव कुठंच नाही, वारंवार शिक्षा झालेल्या माणसावर लक्ष ठेवायचं, एवढंच. प्रश्न असा की वारंवार पकडलं कुणाला जातं? यादी बनवणारं पोलीस खातं तेच, जुनी रजिस्टरं त्याच कपाटात, नवीन हवालदाराला जुना हवालदार पहिल्याच आठवड्यात सांगणार की त्या वस्तीवर लक्ष ठेव. संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेदविरोधी समितीनं २००७ ला भारताला सांगितलं की हे कायदे काढून टाका.

मग ३ ऑक्टोबर २०२४ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल, हा मात्र प्रत्येकानं वाचावा असा आहे. मुंबईच्या पत्रकार सुकन्या शांता यांनी जेल मॅन्युअलबद्दल याचिका केली होती. काही राज्यांच्या मॅन्युअलमधे अजून लिहिलेलं होतं की झाडूकाम अमक्या जातीच्या कैद्यानं करायचं, स्वयंपाक तमक्या जातीच्या. आणि भटक्या किंवा गुन्हेगार जमातीचा माणूस पळून जायच्या स्वभावाचा असतो म्हणून त्याला अमुक काम द्यायचं नाही. २०२४ साली! कोर्टानं त्या तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या, कैद्यांच्या रजिस्टरमधला जातीचा रकाना काढायला सांगितलं, आणि विमुक्त जातींच्या लोकांना मनमानी पद्धतीनं अटक करू नका असंही पोलिसांना सांगितलं. ७२ वर्षं त्या ओळी तिथं होत्या. कुणी मुद्दाम ठेवल्या असंही नाही, फक्त कुणाला त्या खटकल्या नाहीत.

मग जुने धंदे सोडून दुसरं काहीतरी करा ना?

करतोच आहोत, मी अकाउंट्स बघते. पण गंमत बघा की कुठल्या धंद्याचं काय झालं. शिकार १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा झाली, हातभट्टी १९४९ च्या दारूबंदी कायद्यानं. १९५९ च्या मुंबईच्या भिक्षाबंदी कायद्यात तर रस्त्यावर गाणं, नाच, भविष्य सांगणं, कसरती दाखवून पैसे घेणं हे सगळं भीक मागण्यातच धरलंय, म्हणजे डोंबारी दोरीवर चालला तरी तो भिकारी आणि भिकारी म्हणून आत. (दिल्ली हायकोर्टानं २०१८ ला तिथल्यापुरत्या यातल्या बऱ्याच तरतुदी रद्द केल्या.) वाघ वाचायला पाहिजेत, अस्वलाच्या नाकात वेसण नको, हे मला पण पटतं. पण प्रत्येक वेळी धंदा बंद केला त्या दिवशी दुसरं काही हातात दिलं का? नाही. आणि मग रिकाम्या हातांकडे बघून म्हणायचं, बघा, यांचे हात.

पोलीस आता असं करत नाहीत. एखादी केस झाली असेल.

मग ती एक केस नीट सांगते, कारण आकडे टाकले की लोक स्क्रोल करतात.

जून २००३, नाशिक जिल्हा. शेतातल्या झोपडीवर रात्री दरोडा पडला, एकाच घरातली पाच माणसं मारली, बलात्कार झाला. फार भयंकर गुन्हा. पोलिसांनी सहा जणांना धरलं, सगळे भटक्या जमातीचे, मजुरी करणारे. खालच्या कोर्टात सहाही जणांना फाशी. हायकोर्टानं तिघांची फाशी कायम केली आणि तिघांना जन्मठेप दिली. २००९ ला सुप्रीम कोर्टानं काय केलं, तर त्या तिघांचीही फाशी परत आणली, सहाच्या सहा फासावर. त्यातला एक जण तर गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता, हे कितीतरी वर्षांनी सिद्ध झालं.

पुढे त्याच सुप्रीम कोर्टानं आपला आधीचा निकाल मागे घेतला आणि ५ मार्च २०१९ ला सगळ्यांना निर्दोष सोडलं. का? कारण वाचलेल्या साक्षीदार बाईनं सुरुवातीलाच पोलिसांच्या फोटो अल्बममधून चार जण ओळखले होते, आणि ते हे नव्हतेच. त्या चौघांचा तपासच झाला नाही. कोर्टानं लिहिलंय की आरोपी भटक्या जमातीचे, अत्यंत गरीब मजूर आहेत, अशा लोकांना खोटं गोवलं जाण्याची शक्यता नाकारता येत नाही. प्रत्येकी पाच लाख भरपाई द्यायला सांगितली, तपास अधिकाऱ्यांवर कारवाई करायला सांगितलं.

सोळा वर्षं. आणि ती पाच माणसं खरंच कुणी मारली, त्या घराला न्याय मिळाला का, हा प्रश्न तर राहिलाच. सोपा आरोपी हाताशी असला की दोन घरं बुडतात.

यावर एक काका मला म्हणाले होते, पण शेवटी सोडलं ना कोर्टानं, म्हणजे सिस्टिम चालते. मी काही बोलले नाही, त्यांच्याच घरी जेवत होते.

सगळा दोष सरकारवरच का टाकता? लोकांचं काय?

बरोबर बोललात. १ जुलै २०१८, धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातलं राईनपाडा. रविवारचा बाजार. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण भिक्षा मागायला आले होते, बहुतेक मंगळवेढ्याकडची माणसं, आमच्याच जिल्ह्यातली. व्हॉट्सअॅपवर मुलं पळवणारी टोळी फिरतेय म्हणून मेसेज फिरत होता. जमावानं धरलं, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि तिथं मारून टाकलं, पाचही जणांना. त्यांच्याजवळ ओळखपत्रं होती, ती कुणी बघितली नाहीत.

ग्रामपंचायत म्हणजे लोकशाहीची पहिली पायरी असं आपण नागरिकशास्त्रात पाठ केलं. भिंतीवर बहुतेक बाबासाहेबांचा नाहीतर गांधीजींचा फोटो असणार, असतोच. तिथं कुठलं गॅझेट नव्हतं, साहेब नव्हता, कायदा नव्हता. 'अनोळखी भटका म्हणजे संशयित', एवढं डोक्यात बसलेलं पुरलं.

आरक्षण आहे की तुम्हाला, मग अजून काय पाहिजे?

आहे. महाराष्ट्रात विजाभज मिळून ११ टक्के: विमुक्त जाती (अ) ३, भटक्या जमाती (ब) अडीच, (क) म्हणजे धनगर साडेतीन, (ड) म्हणजे वंजारी २. त्यामुळे मी शिकले, नाही कशाला म्हणू. आश्रमशाळेत राहून शिकलेली माझी भावंडं आहेत.

पण हे फक्त राज्यापुरतं. केंद्राच्या परीक्षेला आम्ही सरळ ओबीसीत, म्हणजे पालावरची पोरगी आणि दहा एकर बागायतवाल्याचा पोरगा एकाच रांगेत. विधानसभा, लोकसभेत राखीव जागा नाहीत. आणि अॅट्रॉसिटी कायदा फक्त एससी, एसटीला लागू आहे, त्यामुळे जातीवरून मारलं तरी विमुक्त जातीच्या माणसाची तक्रार साधी मारामारी म्हणून जाते.

त्यातून याद्यांचा घोळ असा की हसावं का रडावं. बंजारा कर्नाटकात एससी, तेलंगणात एसटी, महाराष्ट्रात विमुक्त जाती. सोलापुरातून बस पकडून तासाभरात विजयपूर जिल्ह्यात उतरलात की त्याच तांड्यातल्या पाहुण्याची कॅटेगरी बदलते. पारधी म्हणाल तर फासेपारधी एसटीत, राजपारधी आणि पालपारधी विमुक्तमधे. आणि आम्ही कैकाडी? विदर्भातल्या आठ जुन्या जिल्ह्यांत एससी, बाकी महाराष्ट्रात विजा. अकोल्याच्या आमच्या नात्यातल्या मुलीला अॅट्रॉसिटीचं संरक्षण आहे, मला नाही. लग्नात एकाच पंगतीला बसतो, एकच भाषा बोलतो. अस्पृश्यता जिल्ह्याची हद्द बघून थांबत असेल बहुतेक.

सरकारनं आयोग मात्र भरपूर बसवले. रेणके आयोगाचा रिपोर्ट २००८ चा, देशात भटके-विमुक्त १०.७४ कोटी असतील असा त्यांचा अंदाज, २००१ च्या जनगणनेवरून काढलेला. अंदाजच, कारण आमची वेगळी मोजणी स्वातंत्र्यानंतर झालीच नाही. मग इदाते आयोग. मग २०१९ ला कल्याण मंडळ, २०२२ ला 'सीड' योजना, पाच वर्षांसाठी २०० कोटी. वर्षाला ४० कोटी, १०.७४ कोटी माणसं. भागाकार तुम्हीच करा, चार रुपयांच्याही खाली येतो. इंग्रज निदान मोजत तरी होते, आमचा एक मामा म्हणतो. रोज, दोनदा.

वसंतराव नाईक बंजारा होते आणि मुख्यमंत्री झाले की!

झाले, १९६३ ते १९७५, इतकी सलग वर्षं कुणीच नाही. अभिमान आहे. त्याच काळात तांड्यावर रात्री पोलीस यायचे ते पण येतच होते.

म्हणजे तुमच्या मते संविधान खोटं आहे?

नाही हो. हे विचारणारे दोन टाइपचे असतात, एक ज्यांना माझ्या तोंडून हो ऐकून भांडायचंय आणि दुसरे ज्यांना हो ऐकून खूश व्हायचंय.

२०१९ ला सहा जण सुटले ते कशाच्या जोरावर? २०२४ ला ती मॅन्युअलं फाटली ती कुठल्या आर्टिकलमुळे? शिबिरात एक पारधी बाई येते, शाळेत गेलेली नाही, तिला आर्टिकलचे नंबर पाठ आहेत: बावीस, चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करायचं. नवऱ्याला उचललं की ती चौकीच्या दारात बसते आणि मोठ्यानं तास मोजते. तिला कुणी संविधान शिकवलं नाही, गरज पडली म्हणून तिनं ते शिकून घेतलं. आपल्यापैकी कितीजणांना बावीस माहीत होतं? मला पण नव्हतं, तिच्याकडून कळलं.

पोलीस वस्तीवर आले तर काय करायचं?

थोडक्यात लिहिते. कशासाठी नेताय ते विचारा, सांगणं बंधनकारक आहे. घरच्या एकाला कळवलंच पाहिजे. बाईमाणसाला सूर्यास्तानंतर, सूर्योदयाआधी अटक करत नाहीत, अगदी अपवाद सोडला तर, आणि तेव्हाही महिला अधिकारी आणि मॅजिस्ट्रेटची परवानगी लागते. कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा नाही. वेळ लिहून ठेवा, मोबाईलवर स्वतःलाच मेसेज टाका म्हणजे टाइम पडतो. वकील नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, फुकट. आणि चांगल्या वर्तणुकीचा बाँड लिहून द्या म्हणाले, पूर्वी कलम ११० म्हणायचे, आता नव्या संहितेत १२९, तर वकिलाशी बोलल्याशिवाय सही करू नका, कारण तो कागद पुढच्या वेळी तुमच्याच विरुद्ध निघतो.

दाखल्यासाठी १९६१ च्या आधीचा पुरावा मागतात, तो आणायचा कुठून?

शिबिरातला खरा प्रश्न हा. बाकी सगळे चर्चेचे, हा पोटाचा.

महाराष्ट्रात विमुक्त जाती, भटक्या जमातींसाठी तारीख ठरलीय २१ नोव्हेंबर १९६१. त्याच्या आधीपासून तुमचं घराणं महाराष्ट्रात राहत होतं आणि जात हीच होती, याचा कागद पाहिजे. वास्तव्याचा पुरावा, भटक्या माणसाकडून! एका गावात तीन रात्रीच्या वर थांबू न दिलेल्या माणसाला विचारायचं की १९६१ ला कुठल्या गावचे? सातबारा नाही, घरपट्टी नाही, जन्म पालावर, नोंद कुठंच नाही.

तरी शोधायचं. गाव नमुना नंबर १४, म्हणजे जुनी जन्म-मृत्यूची नोंद, कोतवालाकडे असायची, ती तहसीलला मिळते. जुन्या प्राथमिक शाळेचं जनरल रजिस्टर. नातं वडिलांकडचंच धरतात हे लक्षात ठेवा, आईकडचा किंवा आजीच्या माहेरचा कागद चालत नाही, त्यामुळे आमच्या सही करणाऱ्या आजीचा काही उपयोग झाला नाही.

आमचं काम झालं ते आजोबांच्या थोरल्या भावामुळे. ते पण सेटलमेंटच्या शाळेत होते. पडताळणीच्या एका ऑफिसात मी सहा चकरा मारल्या होत्या, दर वेळी 'आणखी जुना आणा', आणि शेवटी शाळेच्या रजिस्टरचं ते पान सापडलं, १९३८ चं. कडा वाळवीनं खाल्लेल्या. नाव, बापाचं नाव, जन्मतारखेच्या जागी नुसतं साल, जात कैकाडी, आणि राहण्याचं ठिकाण सेटलमेंट. शाई अजून निळी. क्लार्कनं पान वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाला, हे कसं, हे एकदम पक्कं आहे.

त्या एका पानाच्या झेरॉक्सवर आमच्या भावकीतल्या अकरा जणांची व्हॅलिडिटी निघाली. आता शिबिरात कुणी सोलापूरचं म्हातारं माणूस आलं की मी पहिलं तेच विचारते, तुमच्यातलं कोण सेटलमेंटला होतं का? आधी लोक गप्प बसायचे, पोरांपुढे नको म्हणून खूण करायचे. मागच्या महिन्यात एक आजोबा आले, कंजारभाट, नातीची अॅडमिशन अडकलेली. खुर्ची ओढून जवळ बसले आणि म्हणाले, 'रजिस्टर कुठं मिळतंय ते? आमच्या बापाचं नाव असंल की त्यात, रोज हजेरी देत हुता.'